माळरानाचा इतिहास आणि ‘पडीक’ ही संज्ञा : दख्खनचे पठार व पवई परिसर यांचा तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत जुलै महिना वृक्षारोपणाचा असतो. १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची देशव्यापी प्रथा सुरू केली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना अस्तित्वात आल्यावर या प्रथेला विद्यार्थ्यांचे बळ मिळाले. रोपे लावण्यासाठी जागा शोधताना सहजच दृष्टी जाते ती गावाबाहेरच्या माळाकडे. हा माळ उघडा आहे, म्हणजे तेथील झाडे कोणीतरी तोडली असावीत, आणि तोडलेली झाडे परत लावणे हे पुण्यकर्म, अशी ही विचारसाखळी असते. तिचा पहिलाच दुवा इतिहासविषयक आहे. येथे पूर्वी अरण्य होते, हे एक ऐतिहासिक विधान आहे. आणि कोणत्याही ऐतिहासिक विधानाप्रमाणे ते पुराव्यावर तपासले गेले पाहिजे.

प्रस्तुत लेखात हे विधान दोन भूप्रदेशांच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. पहिला म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश : पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, सातारा व सांगली या जिल्ह्यांतील माळराने. दुसरा म्हणजे साष्टी बेटावरील पवईचा परिसर, जेथे गवताळ टेकड्या दिसतात परंतु त्यांचा इतिहास वेगळा आहे. दिसावयास सारख्या असणाऱ्या दोन भूमींचा भूतकाळ भिन्न असू शकतो, आणि संवर्धनाचा निर्णय दिसण्यावरून नव्हे तर भूतकाळावरून घ्यावा लागतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. संज्ञाविचार

‘सव्हाना’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे युरोपीय भाषांत आला. अखंड गवताचे आच्छादन आणि त्यात विखुरलेली झाडे अशी रचना असलेल्या उष्ण कटिबंधीय प्रदेशाला आज ही संज्ञा लावतात. वर्षातील काही महिने पाऊस व उर्वरित काळ कोरडा, चरणाऱ्या प्राण्यांचा वावर, अधूनमधून लागणारे वणवे आणि बहुधा उथळ जमीन या घटकांच्या परस्परक्रियेतून ही परिसंस्था टिकते. झाडांची संख्या कमी असणे हा तिचा दोष नसून तिचे लक्षण आहे.

मराठीत या भूमीसाठी शब्दांची वाण नाही. माळ, माळरान, बरड, चराऊ रान, कुरण, गायरान अशी मोठी शब्दसंपदा आपल्याकडे आहे, आणि या शब्दांत सूक्ष्म भेदही आहेत. ‘माळ’ व ‘बरड’ हे भूमीचे स्वरूप सांगतात. ‘कुरण’ राखलेल्या गवताचा बोध करून देते. ‘गायरान’ गावाचा सामाईक हक्क दर्शविते. ‘पड’ किंवा ‘पडीक’ हा शब्द मात्र यांहून निराळा आहे. जमीन नांगराखाली नाही, एवढेच तो सांगतो. तो शेतीच्या व महसुलाच्या दृष्टीतून आलेला शब्द आहे. त्या भूमीवर काय आहे यापेक्षा काय नाही याचीच तो नोंद घेतो.

दख्खनच्या माळावर काय आहे, हे पाहिले म्हणजे या फरकाचे महत्त्व कळते. शेडा, मारवेल, कुसळी, डोंगरी, रोशा ही येथील प्रमुख गवते. हिवर, खैर, बाभूळ, बोर, पळस, आपटा, तरवड ही झाडेझुडपे. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, माळढोक, धाविक, चंडोल हे येथील रहिवासी. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय तृणाच्छादनाच्या सर्वेक्षणात द्वीपकल्पीय भारताचा मोठा भाग शेडा व मारवेल यांच्या कुळांवरून ओळखल्या जाणाऱ्या एकाच प्रकारात घातला आहे. त्याआधी १९३५ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. या प्रदेशातील गवते ही स्वतंत्र अभ्यासाची वस्तू आहे, ही जाणीव आपल्या महाविद्यालयीन परंपरेत अशी जुनी आहे.

३. प्राचीनतेचे पुरावे

माळराने ही अलीकडच्या जंगलतोडीची निष्पत्ती आहे काय, या प्रश्नाचे उत्तर अनेक प्रकारच्या साधनांतून शोधावे लागते.

भूवैज्ञानिक साधने सर्वांत दूरची. उष्ण कटिबंधीय गवते ‘सी-४’ या विशिष्ट पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात आणि त्यांचा ठसा जमिनीतील कार्बनच्या समस्थानिकांत उरतो. शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मरूप मृदेच्या अभ्यासातून सुमारे ८० ते ६० लक्ष वर्षांपूर्वी भारतीय उपखंडात या गवतांचा मोठा विस्तार झाल्याचे दिसून आले आहे. त्या वेळी माणूस नव्हता, मग कुऱ्हाड कोठून असणार? हा पुरावा उपखंडाविषयीचा आहे, एखाद्या तालुक्याविषयीचा नव्हे. परंतु गवताळ प्रदेश म्हणजे मानवी अपराधाची खूण, हे समीकरण त्याने मोडीत निघते.

पुरातत्त्वीय साधने आपल्या भूमीच्या अधिक जवळ आणतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत. पाळीव जनावरांबरोबरच काळविटाची हाडेही तेथे मिळाली. काळवीट हा घनदाट अरण्यातील प्राणी नाही. धावण्यास व दूरवर पाहण्यास मोकळी जागा हे त्याच्या जगण्याचे साधन आहे. इ. स. पूर्व १००० नंतर हवामान अधिक कोरडे झाले आणि तेथील लोक शेतीकडून शेळ्यामेंढ्यांच्या अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले, अशी मांडणी म. के. ढवळीकर यांनी केली आहे.

तिसरे साधन वाङ्मयीन. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ हा म्हाइंभटांनी संकलित केलेला ग्रंथ श्रीचक्रधरांच्या भ्रमंतीचा वृत्तांत आहे, आणि भ्रमंतीच्या वृत्तांतात वाटेवरची झाडे, विसाव्याच्या जागा, गुरेचराई यांचे उल्लेख अनायासे येतात. ज्याची नोंद करण्याचा लेखकाचा हेतू नव्हता ती गोष्ट इतिहासकाराला अधिक विश्वसनीय वाटते. धनगरांच्या ओव्यांचेही तसेच आहे. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांच्या अभ्यासातून पशुपालक समाजाची भूमी आणि तिचा धर्म यांचे नाते उलगडून दाखविले. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठलाच्या मुळाशी गवळी-धनगरांचे दैवत असल्याचे प्रतिपादन केले. ज्या भूमीतून महाराष्ट्राचे प्रमुख दैवत घडले ती भूमी चराऊ रानांची होती, हा या अभ्यासाचा पर्यावरणीय अन्वयार्थ आहे. याच दिशेने आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात मराठी चरित्रग्रंथ, आख्यायिका व ओव्या यांतील वनस्पतींच्या उल्लेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या उल्लेखांत माळरानाच्या वनस्पतींचे प्राबल्य आढळले.

ग्रामनामेही साक्ष देतात. टेंभुर्णी, पळसदेव, हिवरे, बाभुळगाव, बोरगाव, कुसळंब या नावांचा आढळ पर्जन्यछायेच्या प्रदेशात विपुल आहे. अर्थात, ग्रामनामाचा काळ सहसा ठरविता येत नाही आणि एखाद्या झाडावरून गावाला नाव पडले म्हणून तेथे तेच झाड बहुसंख्य होते असेही नाही. म्हणून या पुराव्याला पूरक स्थान द्यावे, प्रमुख नव्हे.

चौथे साधन प्राणिशास्त्रीय नोंदींचे. कर्नल विल्यम सायक्स हे १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तलेखक म्हणून दख्खनमध्ये हिंडले. भारतीय लांडग्याचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १८३१ मध्ये दख्खनमधील नमुन्यांवरून केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा तुरेवाला चंडोल आणि खडकाळ झुडपी रानातील लाव्याची एक जात यांची वर्णने १८३२ ची. बोरघाटातून रेल्वे गेली ती १८६३ मध्ये. म्हणजे रेल्वेच्या स्लीपरांसाठी होणाऱ्या लाकूडतोडीच्या कितीतरी आधी दख्खनमध्ये मोकळ्या भूमीच्या प्राण्यांची प्रस्थापित सृष्टी नांदत होती. असे प्राणी पन्नास-शंभर वर्षांच्या जंगलतोडीतून निर्माण होत नाहीत.

या चारही साधनांतील एकटे कोणतेही निर्णायक नाही. परंतु परस्परांशी संबंध नसलेली साधने एकाच दिशेने बोट दाखवीत असतील, तर त्यांचे एकत्रित वजन मोठे होते.

४. कुरणापासून पोटखराब्यापर्यंत

माळ हा राज्यकर्त्यांच्या दृष्टीने सदैव निरुपयोगी होता, असे नाही. मराठ्यांचे सैन्य घोडदळाचे. घोडदळ गवतावर चालते. त्यामुळे राज्याने राखलेली कुरणे ही लष्करी संपत्ती होती. सुमित गुहा यांनी पूर्व-वासाहतिक काळातील या राखीव कुरणांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळण्याची दरबारी प्रथाही मोकळ्या रानांवरच अवलंबून होती. कोल्हापूर संस्थानात ती विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली.

गावपातळीवर माळाचा उपयोग वेगळा होता. पावसाळा संपला की धनगरांचे काही कळप कोकणाकडे उतरत आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी परतत. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. शेताला खत मिळे आणि धनगराला धान्य. माळ, शेत व कळप ही एकाच व्यवस्थेची तीन अंगे होती.

ब्रिटिश राजवटीत या व्यवस्थेकडे पाहण्याची चौकट बदलली. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी मोजणीचे जे काम आरंभिले, त्यातून मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धती घडली. जमिनीची खोली, पोत व रंग पाहून आण्यांत तिची प्रत ठरविली जाई. आकार हलका ठेवून अधिकाधिक जमीन लागवडीखाली आणणे हे या पद्धतीचे एक उद्दिष्ट होते. या मोजणीने शेतकऱ्यावरील बोजा कमी केला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्या कोष्टकात माळाला स्वतःचे घर नव्हते. जी जमीन पिकत नाही ती ‘पड’. सर्व्हे नंबरातील जो तुकडा नांगरता येत नाही तो ‘पोटखराबा’. सातबाऱ्यावर हा शब्द आजही आढळतो.

दुसरी चौकट वनखात्याची. १८७८ च्या वन कायद्यानंतर दख्खनमधील कित्येक गवताळ पट्टे ‘राखीव वन’ म्हणून नोंदले गेले. ज्या भूमीवर मोठी झाडे विरळ होती तिला ‘वन’ म्हटल्यामुळे ती आपोआप ‘अवनत वन’ ठरली. १९३६ मध्ये हॅरी चॅम्पियन यांनी भारत व ब्रह्मदेशातील वनप्रकारांचे वर्गीकरण केले आणि १९६८ मध्ये सेठ यांच्यासह त्याची सुधारित आवृत्ती काढली. या वर्गीकरणात सव्हानासदृश भूमी बहुतांशी वनाच्या ऱ्हासाची अवस्था म्हणून येते. चराई व वणवे थांबविले तर येथे वन उभे राहील, असे त्यात गृहीत आहे.

महसूल खात्याने माळाला शेताच्या मापाने मोजले, वनखात्याने अरण्याच्या मापाने. दोन्ही मापांत तो उणा भरला. स्वातंत्र्योत्तर काळात हीच दृष्टी पुढे चालू राहिली. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले. २००० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या पडीक भूमीच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात झुडपी जमीन हा पडीक भूमीचाच एक वर्ग आहे.

५. पवई परिसर : एक प्रतितुलना

येथवरच्या विवेचनावरून प्रत्येक गवताळ टेकडी प्राचीन सव्हाना आहे असा निष्कर्ष कोणी काढला, तर तोही चुकीचा ठरेल. यासाठी सह्याद्री ओलांडून साष्टी बेटावर यावे लागते. पर्जन्यछायेत वर्षाला सामान्यतः ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पवई परिसरात तो २,००० मिलिमीटरहून अधिक असतो. एवढ्या पावसात, खोल मातीवर, मानवी हस्तक्षेप नसेल तर झाडेच गवतावर मात करतात. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील पानगळीचे अरण्य त्याची साक्ष आहे.

मग पवईच्या आसपास गवताळ उतार कसे आले? राबासाठी फांद्या तोडणे ही उत्तर कोकणातील भातशेतीची जुनी रीत. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील या हक्कांवरून एवढा असंतोष झाला की त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या मुंबई वन आयोगाला १८८७ मध्ये सविस्तर अहवाल द्यावा लागला. जळण, वणवे व चराई यांचीही त्यात भर होती. मुंबईतील घोडे, बैल व म्हशी यांना लागणारे गवत ठाणे जिल्ह्यातून जाई, त्यामुळे गवत राखणे हा व्यवसाय होता. पवईची जहागीर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे होती व तेथे त्यांनी लागवडीचे नाना प्रयोग केले. १८९१ मध्ये तलाव झाला. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली आणि म्हशींसाठी पॅरा गवत लावण्यात आले. हे गवतही मूळचे परदेशी. १९५८ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था पवईत आली. अशा प्रकारे येथील मोकळी भूमी प्रामुख्याने गेल्या दोन-तीन शतकांतील मानवी व्यवहारांची निर्मिती आहे.

अशा ‘साधित’ गवताळ भूमीला मूल्य नसते असे नाही. बिबट्यापासून कीटकांपर्यंत अनेक जीव तिचा उपयोग करतात. परंतु तेथे स्थानिक वृक्ष परतू देणे हे भूतकाळाशी सुसंगत आहे. इंदापूरच्या किंवा नान्नजच्या माळावर तीच कृती भूतकाळाशी विसंगत ठरते. पाऊस, मातीची खोली, वनस्पतींची जातवारी आणि लिखित व मौखिक इतिहास या चार कसोट्या लावल्याशिवाय हा भेद कळत नाही.

६. संवर्धनाचा अनुभव

महाराष्ट्रात माळरानाच्या संवर्धनाचे शासकीय प्रयत्न १९७० नंतरच्या दशकांत सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली राखलेल्या भूखंडांत गवत वाढले व माळढोक टिकून राहिला. १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. १९८० मध्ये कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी २.१७ चौरस किलोमीटरचे आणि १९९७ मध्ये बारामती तालुक्यातील सुपे येथे चिंकारांसाठी ५.१४ चौरस किलोमीटरचे मयूरेश्वर अभयारण्य झाले.

माळढोक अभयारण्याचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. त्याचे घोषित क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेते, गावे, खाजगी जमिनी, सर्व काही आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ज्या पक्ष्याने शेतकऱ्याचे काही बिघडविले नव्हते तो त्याच्या रोषाचा विषय झाला. २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटविण्यात आले. तोवर फार उशीर झाला होता. २०११ मध्ये हा पक्षी जागतिक पातळीवर ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला आणि नान्नज परिसरात त्याची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. रेहेकुरी व सुपे येथे क्षेत्र अतिशय लहान. माळढोकच्या बाबतीत कागदावर अतिशय विशाल. जमिनीच्या प्रत्यक्ष उपयोगाशी मेळ दोन्हींत बसला नाही.

वृक्षारोपणाने या अडचणीत भर घातली. गिरिपुष्प व सुबाभूळ यांसारखी परदेशी झाडे माळांवर, अगदी संरक्षित क्षेत्रांतही, लावली गेली. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात अनुक्रमे २, ४, १३ व ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर झाली. एवढ्या रोपांसाठी जागा शोधताना माळाकडे बोट जाणे अपरिहार्य होते. चर व खड्डे खणल्याने गवताची जुनी मुळे उखडतात. दाट सावलीत सी-४ गवते तग धरत नाहीत. माळढोक जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो; आसपास झाडे वाढली की अंडी-पिले हेरणाऱ्या कावळ्यांना व शिकारी पक्ष्यांना टेहळणीच्या जागा मिळतात. शिवाय गवताळ भूमीतील कार्बनचा मोठा साठा जमिनीखाली असतो. तेथे झाडे लावून हवामानबदलाला आळा बसतो, ही समजूत म्हणूनच सरसकट खरी नाही.

मधुसूदन व वनक यांच्या २०२२ च्या नकाशाभ्यासानुसार निमशुष्क प्रदेशातील अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्था सुमारे ३ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूभागाच्या सुमारे १० टक्के आहेत, आणि त्यांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र संरक्षित आहे. म्हणजे बहुसंख्य माळ अभयारण्याबाहेर, गावाच्या व पशुपालकांच्या वापरात आहे. त्याचे भवितव्य कुंपणापेक्षा चराईच्या हक्कांवर व गायरानांच्या संरक्षणावर अधिक अवलंबून राहील. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निर्णय या दृष्टीने लक्षणीय आहे. मेंढपाळाला माळाचा शत्रू न मानता त्याच्या व्यवस्थेतील भागीदार मानणे, हे पुढील धोरणाचे सूत्र असावयास हवे. अतिचराईने माळ खंगतो हे खरे. पण चराई पूर्णपणे बंद केल्यानेही त्याचे स्वरूप पालटते.

७. समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, दख्खनच्या पर्जन्यछायेतील माळराने ही नष्ट झालेल्या अरण्याचे अवशेष नसून दीर्घ इतिहास असलेली परिसंस्था आहे, असे मानण्यास परस्परस्वतंत्र साधनांचा आधार आहे. दोन, ‘पडीक’ ही संज्ञा महसुली आहे. तिला पर्यावरणीय वर्णनाचा दर्जा देणे ही ज्ञानशास्त्रीय चूक असून तिचे परिणाम प्रत्यक्ष भूमीवर झाले आहेत. तीन, पवई परिसरासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशातील गवताळ भूमी बहुतांशी साधित आहे, म्हणून एकच संवर्धननीती सर्वत्र लागू करता येत नाही.

यातून महाविद्यालयांवर एक जबाबदारी येते. वृक्षारोपणाची जागा निश्चित करण्यापूर्वी वनस्पतिशास्त्र विभागाने तेथील गवतांची यादी करावी, भूगोल विभागाने मातीची खोली व पर्जन्यमान पाहावे, इतिहास विभागाने तालुक्याची मोजणीची जुनी कागदपत्रे चाळावीत आणि मराठी विभागाने परिसरातील ओव्या, आख्यायिका व ग्रामनामे जमवावीत. हे काम खर्चिक नाही आणि कोणत्याही एका विद्याशाखेला एकट्याने जमणारे नाही. तपासणीअंती ती भूमी माळ ठरली, तर तेथे रोप न लावणे हेच त्या वर्षीचे संवर्धनकार्य समजावे.